मागचा दरवाजा नसलेलं घर

नवापूर
वडाची पुनव झाली त्याचा दुसरा दिवस

दमयंतीस,

आशीर्वाद नंतर, आधी बोलणी खा.

आळीतल्या रंभाबाईने तुला बोईसरच्या बाजारात, तिच्याच टोपलीसमोर बघितलं. सुके बोंबील घेतलेस आणि भाव केला नाहीस म्हणे. मुरब्याची पोर, नवापूरची सून, आणि समोरची सांगेल त्या भावाला पिशवी उघडतेस? रंभाबाईलाच लाज वाटली. म्हणाली, "शकूबाय, मीच दोन बोंबील वर टाकले, बघवला नाय." कंपनीत डबे भरायला जातेस, पूर्वीला तिथल्या शाळेत घातलंस, हे पण तिने सांगितलं. "बारीक झालीय," म्हणाली. मी विचारलं, कोण, पोरगी का आई? तर म्हणे आई. पोरगी उंच झालीय.

फोन केला असता, पण तू नंबर बदललास, आणि माझा फोन हितेशजवळ असतो. बोलत काही नाही तो, नुसता बघतो कोणाचा आला. म्हणून हे पत्र. रंभाबाईच्या टोपलीत सुकटाखाली घालून पाठवते. तिला वाचता येत नाही, तेवढी ती विश्वासाची. मी चौथी शिकलेली. 'हाय' लिहिलं की बाई छडी मारायच्या, म्हणून 'आहे' लिहिते. बोलताना कोण बघतंय.

आता मुद्द्याचं. परत ये. तू पोरीला घेऊन गेलीस त्याला दोन दिवाळ्या झाल्या. किती दिवस रुसायचं माणसाने? तुझा कान बरा झालाच असेल.

नवरा सुधारलाय तुझा, माझा हितेश. होळीपासून थेंब नाही. धर्माजी तांडेल, ज्याच्या बोटीवर तो खलाशी आहे, तो परवा घरी येऊन म्हणाला, "वयनी, पोरगा सोन्यासारखा झाला." आता मासेमारीच्या बंदीचे दिवस, बोटी वर ओढलेल्या, बाकीचे पोरगे पत्ते कुटतायत, आणि आपला घरात. जाळं शिवतो, सात वाजले की टीव्हीसमोर.

तेच झुंबडे, सातचं ते कार्टून. दुसरं काय? बाळू झुंबडे बँडमध्ये बिगुल वाजवतो, त्याची बायको नलू, गोट्या आणि चिमी ही पोरं, आणि घरात शिरलेली ती बकरी. तू म्हणायचीस ना, या घरात जेवण करपलं तर चालतं, झुंबडे चुकलेले चालत नाहीत. अजून तसंच आहे.

हितेश दुसरीत होता तेव्हा ते सुरू झालं. टीव्ही फक्त धर्माजीकडे. सगळ्या आळीची पोरं तिथे, चिखलाचे पाय बाहेर धुऊन. त्याच वर्षी त्याचा बाप दर्यावरून आला नाही. लोक किनाऱ्यावर उभे, मी किनाऱ्यावर, आणि हा पोर सात वाजता धर्माजीकडे जाऊन बसला. त्या दिवशी झुंबड्यांचं घर जळालं होतं. दुसऱ्या दिवशी सातला घर उभं, बाळू चहा पितोय. हितेश पळत आला, म्हणाला, "आये, कायपण झाला नाय त्यांना." मला बरं वाटलं. पोराला धरायला काहीतरी मिळालं.

मी पण बघते, खोटं कशाला बोलू. माझ्या दारातून गेलेलं काही परत आलं नाही. नवरा नाही, बोट नाही, दात नाहीत. तिथे सगळं परत येतं. म्हणून गाव कंटाळत नाही. धर्माजी आणि त्याचा नातू एकाच जागी हसतात. आजा-नातवाला एका जागी हसवणारं दुसरं काय आहे सांग. चिमी तेव्हा सहा वर्षांची होती, आज पण सहाच.

पूर्वी बघते का तिकडे? सातला मी इथे बघते, ती तिथे बघत असेल, असं मनात येतं. वेडेपणा आहे. तरी विचारून ठेव.

उत्तर लिहू नकोस. रंभाबाईला तोंडी सांग.

शकू


नवापूर
आषाढ लागला

दमयंतीस,

तुझा निरोप मिळाला. "दिवसभर करतो काय ते सांगा" म्हणालीस. सांगते.

घर रंगवलं. पिवळं. दरवाजा निळा. मी म्हटलं, बंदीच्या दिवसांत रंग कशाला, पावसाने धुऊन जाईल. तर म्हणे धुतला तर परत लावू. बोईसरच्या भंगारवाल्याकडून लाल बाकडं आणलं, रेग्झिनचं, स्प्रिंग बाहेर आलेली ती स्वतः आत घालून शिवली. टीव्हीसमोर ठेवलंय. आळीतले पोरगे जाता-येता हसतात, "शकूआजी, झुंबड्यांकडं पाव्हणी आलीस का?" हसू देत. बायका तर म्हणतात, आमच्या नवऱ्यांनी एक खिळा ठोकला तर देव पावला.

एकच माझ्या डोक्यात गेलं. मागचा दरवाजा त्याने विटांनी बंद केला. वलांडीच्या बांबूंकडे जायचा, जिथून आपण बोंबील वाळत घालायला जायचो तो. मी बाजारातून आले तर भिंत. ओली होती अजून.

मी म्हटलं, "मेल्या, माश्याचा पाणी कुठं फेकू? तुझ्या डोक्यावर?"

"पुढून जा."

"पुढून पाणी नेते का कोण? लोक येतात-जातात."

"आये, त्या घराला मागचा दरवाजा नाय. कधी बघितलास?"

मला खरंच आठवेना. एवढी वर्षं बघते, ती माणसं नेहमी पुढूनच येतात-जातात. आता बादली घेऊन पुढून जाते, सगळ्या आळीला दाखवत.

असू दे. घर स्वच्छ आहे, माणूस शुद्धीत आहे, हात उचलत नाही. उचलायला समोर कोण आहे म्हणा.

पूर्वीचं रंभाबाईने सांगितलं. "आता नाय बघत मी, ते बारक्या पोरांचा हाय," म्हणाली ना? सात वर्षांची नाही झाली आणि बारक्या पोरांचं म्हणते. हसले मी. पण हितेशला सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला पण कळलं नाही.

त्याने तिचा जुना फ्रॉक मागितला, पेटीतला, निळ्या फुलांचा. म्हणाला, जवळ ठेवतो. बापाचा जीव आहे, म्हटलं घे. दिला.

तुझा भाऊ धीरज आला होता मुरब्याहून. हितेशने त्याला चहा केला, स्वतः. जाताना धीरज म्हणाला, "मावशी, मी ताईला सांगतो, नारळी पुनवेला ये म्हणून." मी म्हटलं सांग.

शकू


नवापूर
गटारीच्या दुसऱ्या दिवशी

दमयंती,

काल गटारी. सगळी आळी न्हालेली. हितेशने हात लावला नाही. धर्माजीने ग्लास पुढे केला तर त्याने तो उचलून परत त्याच्याच हातात दिला आणि घरी आला. लोक मला म्हणाले, नशीबवान आहेस. मी पण मान हलवली.

पण मला तुला एक सांगायचं आहे. चार दिवस झाले, सांगू का नको करते.

त्या संध्याकाळी नलू रुसून निघाली होती. तुला माहीत आहे, महिन्या-दोन महिन्यांत एकदा निघते, पत्र्याची बॅग घेऊन. फाटकाबाहेर पाय टाकला आणि आपली वीज गेली. पाऊस होताच.

अंधारात तो बाकड्यावर तसाच बसला. मी दिवा लावला. बघते तर गुडघे हलतायत, दोन्ही, पोरासारखे. मी म्हटलं, "अरे येईल वीज, आणि नाय आली तर उद्या लावतील परत." तो उठला. भर पावसात गाडी काढली आणि गेला.

जेवायच्या वेळेला आला, निथळत. दारात उभा राहून म्हणाला, "आली."

मी त्याच्या पाठीमागे अंधारात बघितलं. मी विचारलं, "कोण?"

"नलू. बोईसरला गेलो, टीव्हीच्या दुकानात उभा राहून बघितला. आली ती." मग अंग पुसलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मी म्हटलं, समज नसती आली तर? तो हसला, दमयंती. दारू पिऊन हसायचा तसा नाही. शहाण्यासारखा. "आये, कधी नाय आलीय? सांग ना, एक तरी वेळ? दमी पण दर वेळी आली."

खरं आहे. मुरब्याला मीच यायचे तुला न्यायला. तुझी आई चहा करायची, तू पिशवी भरायचीस, आणि रिक्षात आपण तिघी, पूर्वी माझ्या मांडीवर. तो कधी आला नाही. त्याला यायची गरज काय होती?

मी काल परत बघितलं, नीट बघितलं. एवढी वर्षं बकरीकडे बघत होते. बाळू नलूला आणायला जात नाही. चुकलो म्हणत नाही. बिगुल पुसत बसतो. ती आपणहून येते, तोंड फुगवून, मग बकरी काहीतरी खाते आणि सगळी हसतात. आळीभर हसणं ऐकू येतं, एकाच वेळी. आपण कशाला हसतो ग तिथे? मला वाटायचं ती परत आली म्हणून. आता वाटतं, कोणाला काही करावं लागलं नाही म्हणून.

बोईसरला जाताना डोक्यावर पदर घेत जा. टीव्हीच्या दुकानाकडून जाऊ नकोस.

शकू


नवापूर
नारळी पुनव चार दिवसांवर

दमयंती,

रंभाबाईने आत्ता निरोप दिला. पुनवेला येते म्हणालीस, पूर्वीला नारळाची मिरवणूक बघायची आहे, आणि "आईंनी लिहिलंय तो सुधारलाय" म्हणून.

येऊ नकोस.

आधीची माझी पत्रं फाड. त्यात खोटं काही नाही, तरी फाड.

आज वामन शिंपी आला होता. तुला माहीत आहे, आपल्या आळीत पुनवेला घरातल्या सगळ्यांना एकाच ताग्यातलं कापड घेतात. हितेशने घेतलं. जांभळं, पिवळ्या काठाचं. स्वतःला सदरा, तुला ब्लाउज, पूर्वीला फ्रॉक. मला पण बरं वाटलं होतं ऐकून. वामन फ्रॉक घेऊन आला आणि मला ओट्यावर बाजूला घेऊन म्हणाला, "शकूबाय, रागावू नका. मापाला हा जुना फ्रॉक दिलाय हितेशनी. निळ्या फुलांचा. हा पाच वर्साच्या पोरीचा. मी त्याला बोललो, पोर वाढली असंल, दोन बोटं सोडतो. तर बोलला, नाय, तेवढीच हाय ती."

"तुमी काय केला मग?"

"तो समोर बसला होता, बाय. शिवला. पण आत कापड दुमडून ठेवलाय, उसवून मोठा करता येईल. त्याला नका सांगू."

मीच दिला होता तो फ्रॉक. माप म्हणून दिला नव्हता.

हितेश आला. मी फ्रॉक त्याच्यासमोर धरला. "हितेश, पोर सात वर्सांची व्हायला आली. हा तिच्या डोक्यातून पण जायचा नाय."

"जाईल."

"नाय गेला तर?"

त्याने फ्रॉक माझ्या हातातून घेतला, हळूच, चुणी न पाडता, आणि बाकड्यावर मांडला. बाकड्याच्या एका टोकाला त्याचा सदरा, मध्ये फ्रॉक, मग तुझं ब्लाउज. "घालू आपण," म्हणाला. "रडली तरी घालू. थोडा वेळ रडतात पोरं."

मी म्हटलं, आणि मी कुठे बसू? एवढ्या बाकड्यावर माझी जागा कुठली?

"तू पडवीत बस, आये. त्या घरात म्हातारी नाय."

रागाने बोलला असता तर मी खराटा घेतला असता. तो समजावून सांगत होता. माझं अंथरूण कालच पडवीत आणून टाकलंय, नीट घडी करून, उशाला पाण्याचा तांब्या. तिथून हे लिहिते.

आणि पुढच्या दरवाजाला नवीन कुलूप बसवलंय. आतून लागणारं. किल्ली एकच, त्याच्या कमरेला, करगोट्याच्या दोऱ्यात बांधलेली. खिडकीला गज आधीच होते, मांजरं येतात म्हणून.

पोलिसाला सांगा म्हणशील. काय सांगू? साहेब, माझ्या पोराने दारू सोडली, घर रंगवलं, बायको-पोरीला कपडे शिवले, त्याला धरा? ते मलाच म्हणतील, आजी, घरी जा आणि टीव्ही बघा.

पूर्वीला मिरवणूक बघायची असेल तर सातपाटीला ने, नाहीतर कुठेच नेऊ नकोस. धीरजला काही सांगू नकोस. तो चांगला आहे, आणि चांगली माणसं हितेशला चहा घेताना सगळं सांगतात.

रंभाबाई निघालीय. पत्र नीट घातलंय का बघते.

शकू


नवापूर
पुनव होऊन गेली

दमयंती,

तू आली नाहीस. शहाणी झालीस.

नारळ आपल्या दारावरून गेला. ढोल, पोरी नाचत, सगळ्या आळीचे कपडे जोडी-जोडीचे. धर्माजीने हाक मारली, "हितेश, बोटीची पूजा हाय, चल!" हितेश दारात उभा होता, जांभळा सदरा घालून. "माझी माणसं यायची हायेत," म्हणाला. बोटीला त्याच्याशिवाय हार पडला.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारात. मी नारळीभात केला, त्याने चार ताटं वाढून घेतली आणि झाकून ठेवली. त्यातलं चौथं गोट्याचं म्हणे. आपल्याकडे गोट्या कुठला? सात वाजले, टीव्ही लावला. बाकड्यावर तो, फ्रॉक, ब्लाउज. मी पडवीतून बघत होते. मध्येच हसायचा, आणि हसताना फ्रॉकाकडे बघायचा, तिला कळलं का म्हणून.

मला राहवलं नाही. इथेच चुकले. मी उंबऱ्यात गेले आणि म्हटलं, "हितेश, बस कर आता. पोर मोठी झाली. ती बघत पण नाय हे. बारक्या पोरांचा हाय, म्हणते."

त्याने टीव्ही बंद केला. चालू असताना बंद. मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

"कोणाला म्हणते?"

मी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

"आये, तुला कोणी सांगितला, ती असा म्हणते?"

मी म्हटलं, असंच, अंदाजाने. पोरं म्हणतात. तो माझ्याजवळ आला, माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि म्हणाला, "रंभाबाई बोईसरलाच बसते ना बाजाराला?"

आज सकाळी रंभाबाईची टोपली त्याने उचलून दिली. टेम्पोत ठेवली. रंभाबाईला कौतुक वाटलं. म्हणाली, "केवढा गुणाचा पोरगा, बाय, बोलला मी पण येतो मावशे, बाजार बघायला." मी तिला 'पोट दुखतंय म्हण' सांगून तिच्या घरात झोपवलंय. आज गेली नाही. उद्या किती वेळा पोट दुखवू?

म्हणून हे पत्र वामनकडे देते. तो शिवलेले कपडे घेऊन बोईसरच्या दुकानांत जातो. त्याने तुझं नाव विचारलं नाही, कंपनीचं फाटक कुठलं तेवढं विचारलं. फ्रॉकाचं त्याच्या मनाला लागलंय.

आता ऐक, आणि एकदा तरी सासूचं ऐकल्यासारखं ऐक.

खोली सोड. आजच. सामान राहिलं तर राहू दे. कंपनी सोड, दुसरी बघ, डबे भरायला सगळीकडे बाया लागतात, पण बोईसरला राहू नकोस. पालघरला पण नको, तिथे बाजाराला आपल्या गावच्या बाया जातात. पूर्वीची शाळा बदल. शाळेत सांग, आईशिवाय कोणाच्या हातात द्यायची नाही. आजी आली तरी नाही. माझा फोटो असेल तर दाखव त्यांना, की हिच्या हातात पण नाही.

सुके बोंबील बाजारात घेऊ नकोस. खायचेच असतील तर दुकानातलं पाकीट घे. चव नसते, पण पाकीट विकणारा मुरब्याचा नसतो.

माझी काळजी करू नकोस. मी पडवीत आहे. तो मला दोन वेळा जेवायला देतो, पाय चेपतो. मला काही करणार नाही. त्या घरात मी नाहीच, मग मला काय करणार? इथे कोणीतरी असलं पाहिजे, तो सकाळी कुठल्या दिशेला गाडी काढतो ते बघायला. पण बघून मी तुला कळवणार कशी, ते आता राहिलं नाही. वामनला पण परत पाठवणार नाही.

आणि नवीन जागा मला कळवू नकोस. निरोप नाही, चिठ्ठी नाही, पूर्वी कितवीत गेली ते पण नाही. रंभाबाईला दिसलीस तर ओळख दाखवू नकोस, म्हातारी रडली तरी.

मी कोणाला सांगायची नाही असं तुला वाटत असेल. मारलं तर नाही सांगणार. धमकी दिली तर नाही सांगणार, उलटी शिवी घालेन. पण तो मारणार नाही. एक दिवस पडवीत येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवेल आणि म्हणेल, "आये, सांग ना." मी त्याची आई आहे. मी सांगेन.